गुरू नसलेला गोलंदाज : पालवणकर बाळू

करी रोड स्टेशनच्या पुलावर उभे राहिले की एका बाजूला लालबाग-परळ आणि दुसऱ्या बाजूला डिलाईल रोड असा आमचा सारा मुलूख नजरेत येतो. ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर इथल्या चाळींतली घड्याळे लागत असत, त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. चिमण्यांच्या जागी आज काचेचे मनोरे उभे आहेत. बदलले नाही ते एवढेच, की रविवारी सकाळी चाळीच्या बोळात आजही तीन विटा एकावर एक रचल्या जातात आणि पहिली बॅटिंग कुणाची यावरून भांडण सुरू होते.

हे भांडण पोरकट वाटते खरे; पण त्यात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. मैदान ज्याच्या ताब्यात असते त्याने तिथे आलेल्या लहान मुलाशी कसे वागावे, हा तो प्रश्न. शिकवणाऱ्याने मुलाला शिकवावे, की त्याच्या अंगातली कला आपल्या कामाला लावावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पालवणकर बाळूंचे चरित्र सापडले. क्रिकेटच्या जुन्या इतिहासात त्यांचे नाव पी. बाळू असे येते. भारतीय क्रिकेटमधला पहिला थोर फिरकी गोलंदाज म्हणून जाणकार त्यांना ओळखतात. आपल्या पिढीला मात्र ते नाव फारसे ठाऊक नाही.

बाळूंचा जन्म १८७० च्या दशकाच्या मध्यास धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार; म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. त्यांना कोणी क्रिकेट शिकवले नाही. ते पाहत गेले आणि करत गेले.

घरच्या ओढगस्तीमुळे शाळा लवकरच सुटली. पुण्यात पारशी मंडळींचा एक क्रिकेट क्लब होता. तिथे खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरवणे या कामावर बाळू लागले. पगार महिना तीन रुपये. मधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचा, हेही त्याच पगारात. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेले आणि पगार चार रुपये झाला. कामे वाढली. नेट उभारायचे, खेळपट्टी आखायची, टेनिसच्या मैदानावर रेघा मारायच्या. तिथल्या एका गोऱ्या सभासदाने या पोराला नेटमध्ये गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले. तेव्हापासून बाळूंच्या बोटांतली करामत साहेबांच्या लक्षात येऊ लागली.

या जिमखान्यात कॅप्टन ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्याकडून खेळलेले. पुढे ते सैन्य सोडून कॅथॉलिक धर्मगुरू झाले. हे ग्रेगसाहेब इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावत. बाळूंनी त्यांना बाद केले की प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस, अशी एक आख्यायिका आहे. महिना चार रुपये मिळवणाऱ्या मुलाला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई! रोज तासन् तास असा सराव होत गेला. ग्रेगसाहेबांची फलंदाजी धारदार झाली आणि बाळूंची डावखुरी फिरकी त्याहूनही. चेंडूचा टप्पा, त्याला दिलेली उंची, वेगातले बारीक फेरफार हे सारे त्या नेटमध्ये घडले.

पण या कहाणीचा खरा चटका पुढेच आहे. इतकी वर्षे नेटमध्ये घाम गाळणाऱ्या या मुलाच्या हातात जिमखान्याच्या कोणत्याही सभासदाने एकदाही बॅट दिली नाही. फलंदाजी ही मोठ्या लोकांची, गोलंदाजी ही राबणाऱ्यांची, अशी ती विभागणी होती. ग्रेगसाहेब दुष्ट होते असे नव्हे. त्यांनी बाळूंची कदर केली, पैसे दिले, पगारवाढही मिळू दिली. फक्त, हा मुलगाही खेळाडू होऊ शकेल आणि त्याचे आपण काही देणे लागतो, हा विचार त्यांना शिवला नाही. त्यांच्या लेखी बाळू हे सरावाचे उत्तम साधन होते. साधनाची निगा राखतात, त्याला शिकवत नाहीत.

बाळूंच्या कारकिर्दीचे आकडे पाहिले की ही उणीव डोळ्यांत भरते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, तेही अवघ्या १५ धावांच्या सरासरीने. जगातल्या कोणत्याही काळातल्या गोलंदाजाला भूषण वाटावे अशी ही कामगिरी. धावा मात्र ७५३. सरासरी १४ च्याही खाली. याच घरातले धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल नावाजलेले फलंदाज झाले. घराण्यात फलंदाजीचे अंग होते, एवढे तर यावरून दिसतेच. थोरल्याच्या हाती बॅट वेळेवर आली असती तर? या प्रश्नाला आता उत्तर नाही.

बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती पुण्यातल्या हिंदू क्लबाच्या कानावर गेली. या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. पण अस्पृश्याला संघात घ्यायचे कसे? बराच खल झाला आणि शेवटी तोड निघाली. बाळूंनी मैदानावर खेळावे, चेंडूला सर्वांनी हात लावावा. पण चहाच्या वेळी बाळूंनी मंडपाबाहेर थांबावे. तिथे त्यांना मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे. ज्याच्या हातून निघालेला चेंडू झेलायला चालतो, त्याच्या हाताला लागलेला पेला चालत नाही, असा हा विचित्र न्याय होता.

साताऱ्याच्या सामन्याची हकिकत पुण्यात पुष्कळ दिवस सांगितली जाई. बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून तिथल्या युरोपियनांनी आठवडाभर आधीपासून खेळपट्टीवर रोलर फिरवून ती टणक करून ठेवली होती. बाळूंनी त्याच खेळपट्टीवर सात गडी बाद केले. ज्या मुलाने वर्षानुवर्षे स्वतः रोलर ओढला, त्याला खेळपट्टीचे गुणदोष कोणी नव्याने सांगायला नको होते. पुण्याला परत आल्यावर बाळूंचा सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असा प्रश्न न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे उपस्थित केला. लोकमान्य टिळकांनी एका समारंभात बाळूंच्या गळ्यात हार घातला. चेंडूने जे साधले ते पुष्कळ व्याख्यानांनी साधले नव्हते.

पुढे प्लेगच्या दिवसांत पालवणकर कुटुंब मुंबईला आले. बाळू बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरीला लागले. आमच्या करी रोडला ज्यांचे नाव पडले ते करीसाहेब याच रेल्वेचे एजंट होते, हा एक योगायोग. १८९४ साली स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात बाळूंना घेण्यास काही सभासदांचा विरोध झाला. पण त्यांचा खेळ पाहून तो मावळला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० आणि युरोपियन १०२ धावांत गारद. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. शिवरामही या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर पसरला आणि त्या विजयात चांभाराच्या मुलांचा एवढा मोठा वाटा आहे, ही गोष्ट सुधारकांनी आवर्जून नोंदली. पुढच्या वर्षीही हिंदू जिंकले.

१९११ साली भारताचा पहिला सर्वधर्मीय संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा पस्तिशीत होते. त्यात खांदा दुखरा. संघ बहुतेक सामने हरला, तरी बाळूंनी त्या दौऱ्यात एकंदर ११४ बळी मिळवले. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या परगण्यांवर संघाने विजय मिळवला. दुखऱ्या खांद्याने त्यांनी षटकांमागून षटके टाकली, कारण दुसरा तोडीचा गोलंदाज संघात नव्हता. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांना मानपत्र दिले. त्या कार्यात एका तरुण विद्यार्थ्याचा सहभाग होता. त्यांचे नाव भीमराव आंबेडकर.

एवढे सगळे होऊनही कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. हिंदू संघाचे कर्णधार एम. डी. पै यांनी १९१३ साली स्वतःच्या सत्कारात हे मोकळेपणाने सांगितले, की संघातले सर्वांत ज्येष्ठ बाळू आहेत आणि हा मान खरा त्यांचा आहे. सत्कार स्वीकारताना असे बोलायला मन मोठे लागते. पण निवडसमितीच्या मनावर त्याचा परिणाम झाला नाही. १९२० मध्ये बाळूंना संघातूनच वगळले गेले. पै आजारी पडले, तेव्हा कर्णधारपद विठ्ठलकडे न देता प्रा. देवधरांकडे देण्याचे ठरले. हा अन्याय केवळ जातीमुळे होत आहे असे जाहीर करून विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. गवगवा झाला. पै बरे होऊन परतले, तिन्ही भाऊ संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. पै मैदानाबाहेर गेले की तेवढा वेळ बाळू संघाचे नेतृत्व करीत. तोच त्यांचा अखेरचा मोठा सामना. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि विजयानंतर लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन नाचवले. थोरल्या भावाने पेरले ते धाकट्याच्या हाती आले.

विठ्ठलरावांनी पुढे १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिले. त्यामुळेच या घराची कहाणी टिकली. २००२ साली रामचंद्र गुहांनी आपल्या क्रिकेटविषयक इंग्रजी ग्रंथात तिला पुन्हा उजाळा दिला.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणात गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. ते गांधीजींच्या बाजूने होते आणि धर्मांतराचा विचार त्यांना मान्य नव्हता. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना भायखळा-परळ भागातून उभे केले. समोर होते साक्षात डॉ. आंबेडकर. म्हणजे ज्यांनी तरुणपणी बाळूंचा गौरव केला त्यांच्याच विरुद्ध बाळू! भायखळा आणि परळ यांच्या अगदी मध्ये आमचे करी रोड. इथल्या चाळींतल्या कामगारांना त्या वर्षी आपल्या दोन मोठ्या माणसांतून एकाची निवड करावी लागली. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. त्यांचे राजकारण चूक की बरोबर यावर मतभेद होतील. पण त्या हरण्याने त्यांचे मैदानावरचे मोठेपण कमी होत नाही. १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. तो विनू मंकड यांच्या डावखुऱ्या फिरकीवर. त्या परंपरेचा मूळपुरुष तेव्हा हयात होता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

हे सारे वाचत असताना मला माझीच एक गोष्ट आठवत होती. तेरा वर्षांचा असताना मी एका मैदानावर क्रिकेट शिकायला जात असे. मीही डावखुरा फिरकी गोलंदाज. तिथले सर मला रोज दुपारी मोठ्या मुलांना चेंडू टाकायला लावत. जास्त फी भरणाऱ्यांना बॅटिंग आधी मिळे. माझी पाळी येईपर्यंत उजेड गेलेला असे. खांदा दुखतो असे एकदा सांगितले तर सर्वांसमोर माझ्या घरच्या परिस्थितीवरून टोमणा मिळाला. मी पुन्हा तक्रार केली नाही. पुढच्या मोसमात जाणेच बंद केले. आईने कारण विचारले तेव्हा अभ्यासाचे नाव पुढे केले. सर वाईट नव्हते, घाईत होते. त्यांना शाळेची ढाल जिंकायची होती. ग्रेगसाहेबांविषयी वाचताना मला प्रथम ते सरच दिसले.

पण गोष्ट इथे संपत नाही. गेल्या वर्षापासून आमच्या मंडळाच्या चौदा वर्षांखालील मुलांचा रविवारचा सराव माझ्याकडे आला आहे. त्यांत एक लहानखुरा मुलगा आहे. चपळ. सीमारेषेवरून चेंडू अचूक फेकतो. तीन-चार रविवार गेल्यावर एकदा तोच हळूच म्हणाला, की दादा, मी अजून बॅट धरलेलीच नाही. मी वही उघडून पाहिली. त्याच्या नावापुढे दर रविवारी क्षेत्ररक्षणच लिहिलेले, तेही माझ्याच अक्षरात! त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गोड लागले नाही. जे माझ्यावर झाले तेच मी दुसऱ्यावर करत होतो, आणि तेही काही मनात नसताना.

म्हणून मला वाटते, की शिक्षकाच्या आचरणाचे नियम हे वाईट माणसांसाठी नसून मुख्यतः आपल्यासारख्या बऱ्या माणसांसाठी असतात. घाईत, हौसेपोटी, जिंकण्याच्या ओढीने आपल्या हातून जे घडते, त्याला ते आवर घालतात. आपल्या देशात उत्तम क्रीडाशिक्षकाला मिळणारा पुरस्कार द्रोणाचार्यांच्या नावाचा आहे. तो १९८५ पासून दिला जातो. द्रोणाचार्यांचे नाव निघाले की एकलव्याचा अंगठाही आठवतो. दोन्ही आठवणी एकत्र ठेवूनच मैदानावर जावे.

याच मुंबईत दुसरेही उदाहरण आहे. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी कोवळ्या सचिनच्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवले. गोलंदाजाने सचिनला बाद केले तर नाणे गोलंदाजाचे. शेवटपर्यंत कोणी बाद केले नाही तर सचिनचे. आठ आणे आणि एक रुपया! नाणे दोन्हीकडे आहे. पण एकीकडे मुलगा साहेबाच्या सरावासाठी होता. दुसरीकडे सगळा सराव मुलासाठी होता. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, ते त्याला अधिकाधिक फलंदाजी मिळावी म्हणून. फरक नाण्यात नसतो, नाणे कुणासाठी ठेवले यात असतो.

बाळूंच्या चरित्रातून मी स्वतःपुरते काही नियम काढले आहेत. ज्याने गोलंदाजी केली त्याला त्याच दिवशी बॅट मिळालीच पाहिजे. लहान मुलाची षटके मोजावीत. दुखते असे त्याने सांगितले तर ते खरे धरावे. पोरांचे खांदे आणि पाठी कोवळ्या असतात, म्हणूनच अनेक देशांत लहान गोलंदाजांच्या षटकांवर आता मर्यादा घातलेली आहे. रोलर, पाण्याची बादली, नेटचे दोर ही कामे सर्वांनी पाळीपाळीने करावीत. गरीब पोरावर ती कायमची टाकू नयेत. पाणी सर्वांना एकाच ठिकाणी मिळावे. संघातून वगळायचे असेल तर कारण त्या मुलाला समोर बसवून सांगावे. १९२० सालासारखे ते कुजबुजीतून कळू नये. मुलाचे वय कागदावर चोरू नये, कारण ते पहिल्या दिवशी दिलेले खोटेपणाचे शिक्षण होय. आणि मुलावर हात टाकू नये, त्याच्या घरावरून बोलू नये, त्याला एकटे गाठू नये. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. असा प्रकार कळल्यावर गप्प राहणे हाही त्यात गुन्हा आहे. प्रत्येक क्लबात तो वाचून दाखवला पाहिजे.

यांतले काही नियम पाळायला पैसा लागत नाही. एक वही आणि थोडी लाज एवढे पुरते.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण उद्या कुठल्या ना कुठल्या शाळेत, मंडळात, मैदानावर मुलांसमोर उभे राहणार आहेत. तेव्हा पालवणकर बाळूंची आठवण ठेवा. त्यांनी गुरूवाचून इतके मोठे यश मिळवले, म्हणून मुलांना गुरू लागत नाही असे समजू नका. तो त्यांचा पराक्रम होता. आपल्याला पळवाट म्हणून वापरायचा दाखला नव्हे.

त्या लहानखुऱ्या मुलाला पुढच्या रविवारी मी सर्वांत आधी बॅट दिली. तिसऱ्याच चेंडूवर तो त्रिफळाचित झाला. तरी हसत होता. मी वहीत त्याच्या नावापुढे फलंदाजी असे लिहिले आणि दुसऱ्या मुलाला हाक मारली.